चिठ्ठी बांधलेलं सामान

त्या दिवशीच्या पंचनाम्यात 'बेवारस' हा शब्द मी स्वतःच्या हातानं 31 वेळा लिहिला. कारवाई नियमात होती, वरिष्ठांनी फाईल बंद केली, पुन्हा तक्रार आली नाही. तरी ते पान डोळ्यांपुढून हलत नाही.

मी स्वच्छता निरीक्षक आहे. घराचं आवार, गच्ची, जिन्याखालची जागा, इथं उघड्यावर काय ठेवलंय ते तपासणं हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही घाण शोधत फिरतो. खरा वेळ जातो तो एकाच वादात: हे सामान की भंगार? नियमात 'वापरात नसलेल्या वस्तू' एवढंच लिहिलंय. वापरात नाही हे कुणी ठरवायचं, त्यावर एक ओळ नाही. मग ते निरीक्षकाच्या नजरेवर ठरतं, आणि तक्रारदार रोज फोन करत असला की ती नजर कडक होते. हे मला आवडत नाही, पण असंच चालतं.

तक्रार शेजारच्या घरातून आली होती. गल्लीत त्या महिन्यात डेंग्यूचे दोन रुग्ण सापडले होते. घरमालक सत्तरी ओलांडलेले, एकटे. पूर्वी मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. दुकान सुटलं तसं सगळं अंगणात आलं: पंप, मोटारी, मिक्सर, वॉशिंग मशिनचे सांगाडे, कुंपणाला टेकवलेले टायर. दारापासून फाटकापर्यंत एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट.

पाहणी कशी करायची असते ते सांगतो, कारण आमच्यातलेही बरेच जण ती उरकतात. उजेडाकडे पाठ करून पाण्यावर वाकलात तर सावली पडते आणि अळ्या तळाशी जातात. मग 'काही आढळले नाही' असं लिहून माणूस मोकळा. सावली पडणार नाही अशा बाजूनं जायचं, पांढरी पळी तिरकी धरून पाणी अलगद घ्यायचं आणि थांबायचं. अळी श्वास घ्यायला वर येतेच. पाण्याला समांतर पडून राहिली तर अॅनाफिलीस. डोकं खाली करून लटकली तर एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास, किंवा क्युलेक्स. टायर तर कसाही ठेवा, खालच्या घडीत पाणी राहतंच. भोक पाडल्याशिवाय ते निघत नाही. वॉशिंग मशिनचा आतला ड्रम भोकांचा असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पाणी बाहेरच्या टबात साचतं. मला तीन टायरांत आणि एका टबात एडिसच्या अळ्या मिळाल्या. एका मोटारीच्या झाकणात अर्धा कप पाणी होतं, त्यातही होत्या. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. घासावंच लागतं.

म्हणजे धोका खरा होता. मी सात दिवसांची नोटीस दिली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, घडी केली आणि म्हणाले, "बघतो साहेब."

आठव्या दिवशी गाडी आणि सहा माणसं घेऊन गेलो. ठेकेदाराला खेपेवर पैसे मिळतात, त्यामुळे निवडायला तो थांबत नाही. हाताला लागेल ते गाडीत. पहिली खेप टायर आणि सांगाड्यांची गेली. मग मागच्या भिंतीजवळची ताडपत्री ओढली, आणि मुकादम म्हणाला, "साहेब, याला चिठ्ठ्या आहेत."

मोटारी आणि पंप फळ्यांवर रांगेत मांडलेले. जमिनीपासून वर, झाकलेले, पाण्याचा थेंब नाही. आमच्या नियमाला हवी तशी मांडणी. फक्त फळ्या मोकळ्या अंगणात होत्या. प्रत्येकाला तारेनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर नाव, तारीख आणि 'झाले'.

"लोकांचं आहे," काका म्हणाले. "दुरुस्त करून ठेवलंय. न्यायला आले नाहीत."

त्यांनी एका पंपाचा शाफ्ट दोन बोटांत धरून फिरवला. सोडल्यावरही तो फिरत राहिला, आवाज न करता. चिठ्ठीवरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती आणि नाव होतं तक्रारदाराचं.

तक्रारदार तिथंच उभे होते, पंच म्हणून. तक्रार करणाऱ्यालाच पंच करू नये हे मला कळतं, पण गल्लीतलं दुसरं कुणी सही द्यायला पुढे येत नाही. नंतर 'पालिका काही करत नाही' म्हणायला सगळे असतात. मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हा तर आम्ही केव्हाच बदलला. नवीन बसवूनही वर्षं झाली. घेऊन जा."

"नीट झालाय हो," काका म्हणाले. "एकदा लावून तर बघा."

तक्रारदार आपल्या घरात निघून गेले, ते सहीलाच बाहेर आले.

चिठ्ठ्यांच्या 37 वस्तू होत्या. घरात मावतील तेवढ्या ठेवा, म्हणालो. सहा मावल्या. पंचनाम्याच्या नमुन्यात तीनच रकाने आहेत: मालकाचे, बेवारस, कचरा. काका 'माझं नाही' म्हणत होते आणि ज्यांचं होतं त्यांना ते नको होतं. मी बेवारस लिहीत गेलो. काका गाडीशी उभे राहून वहीत नंबर टिपत होते.

ऑफिसात एका सहकाऱ्यानं लगेच 'होर्डिंग', म्हणजे साठवणुकीचा विकार, म्हणून टाकलं. एका प्रशिक्षणानंतर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय. विकार खरा आहे; अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 2013 मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्या माणसाला वस्तू टाकताना यातना होतात, आणि जबरदस्तीनं घर रिकामं केलं तर ते बहुतेक वेळा पुन्हा भरतं. पण काकांना एकही वस्तू स्वतःला नको होती. ज्यांची होती त्यांनी ती न्यावी, एवढंच त्यांना हवं होतं. यावर कुठल्या डॉक्टरकडे पाठवणार?

मला जे टोचतं ते वेगळंच आहे. नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की लेखी अर्ज केल्यास पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळेल. टायर आणि टब तेव्हाच हलवून बाकीच्याला मुदत देता आली असती. त्यांना निदान घरोघर विचारून येता आलं असतं. ते अक्षर त्या वयात वाचता येत नाही हे मला माहीत होतं, आणि मी नोटीस हातात देऊन पुढच्या घरी गेलो. आता मागची बाजू मी प्रत्येक दारात मोठ्यानं वाचतो.

आठवड्यानं काका ऑफिसात आले. मला वाटलं भांडायला आलेत. त्यांना पंचनाम्याची प्रत हवी होती.

"कुणी मागायला आलंच, तर दाखवायला कागद पाहिजे ना."

मी झेरॉक्स काढून दिली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, वहीतला एकेक नंबर बोटानं जुळवत. 31 व्या ओळीपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग कागद वहीत घालून त्यांनी वहीला रबर लावलं.