रडीचा डाव

रविवार, रात्री

संध्याकाळी ऑनलाइन बुद्धिबळाचा, प्रत्येकी दहा मिनिटांचा डाव लावला होता. मध्यावरच समोरच्याचा वजीर फुकट गेला. त्याच्या घड्याळात सहा मिनिटांच्या वर वेळ शिल्लक होता आणि तिथून तो गप्पच झाला. नेट गेलं नव्हतं, नावाशेजारचा हिरवा ठिपका चालू होता. अगदी शेवटचे चारपाच सेकंद उरल्यावर त्याने एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. मी कंटाळून उठलो असेन, माझं घड्याळ पळत राहील आणि हरलेला डाव आपसूक जिंकता येईल, एवढाच त्यामागचा हिशोब. मी उठलो नव्हतो.

मला याची मनापासून चीड येते. इंजिन, म्हणजे खेळी सुचवणारा संगणक प्रोग्रॅम, लावून खेळणारे सरळसरळ चोर, त्यांच्याबद्दल काय बोलायचं. पण हा पळपुटेपणा चांगल्या घरची, नीट खेळणारी माणसंही करतात.

हरत असताना शेवटपर्यंत खेळणं हा भित्रेपणा नव्हे. एक हत्ती कमी असूनही स्टेलमेटसाठी (शह नाही, पण खेळीही उरली नाही, म्हणून डाव बरोबरीत) झगडणाऱ्याचा मला आदरच वाटतो. वेळेच्या घाईत कुणी माझा झेंडा पाडला, म्हणजे माझी वेळ संपवून जिंकला, तरी तक्रार नाही; घड्याळ खेळाचाच भाग आहे. पण खेळायचंही नाही आणि डावही सोडायचा नाही, समोरच्याला नुसतं ताटकळत ठेवायचं, हे मला पटत नाही.

पंचाईत अशी की नेट खरंच जातं. 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या, म्हणजे देशांच्या संघांमधल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या, अंतिम फेरीत रशियाविरुद्ध भारताचे निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन ऐन डावात तुटलं आणि घड्याळातली वेळ संपून दोघं हरले. भारताने दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं गेलं. त्याच वर्षी एका ऑनलाइन स्पर्धेत चीनच्या डिंग लिरेनचं नेट गेल्यामुळे नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनला डाव मिळाला, तर पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीलाच मुद्दाम वजीर देऊन हार पत्करली. जगज्जेता होता तो तेव्हा! म्हणून समोरचा ऑफलाइन दिसला, तर साइट 'विजय घ्या' म्हणत असली तरी मी थोडं थांबतो.

आणि नेमक्या याच सबबीचा लोक गैरफायदा घेतात. परवा भाची कोथरूडला आमच्याकडे आली होती. टॅबवर हरायला लागली आणि तिने सरळ वायफाय बंद केलं.

"अगं, हे काय?"

"मामा, सगळे असंच करतात. नेट गेलं म्हणायचं."

अकरा वर्षांची पोर. मी रागावलो नाही, पण पोटात कालवलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हीच मुलगी गुंडाळीचा पट पसरून खेळते, हरली की तोंड पाडून का होईना, हात पुढे करते. तिथे समोर मित्र बसलेला असतो, त्याच्या डोळ्यांदेखत उठून पळता येत नाही. टॅबवर समोर फक्त एक टोपणनाव. त्यामागेही कुणीतरी आपली संध्याकाळ देऊन बसलंय, हे तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पटलं की नाही कळलं नाही.

मी स्वतः आता तीन मिनिटं अधिक दर खेळीला दोन सेकंद, असेच डाव खेळायचं ठरवलंय. घड्याळात वेळच कमी, म्हणजे अडवून ठेवणारा अडवणार तरी किती? भाचीला मात्र इतक्यात असे झटपट डाव, म्हणजे ब्लिट्झ, नकोत. पुढच्या रविवारी ती येईल तेव्हा लाकडी पट काढेन आणि तिच्या मित्रालाही बोलावेन.