चोर बाजारात गोल्ड स्पॉटच्या पाटीमागे

शुक्रवारी पहाटे साडेपाचला ग्रँट रोडला उतरलो. खांद्याला सॅक, आत आईची जुनी नऊवारी आणि एक विजेरी. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण रस्त्यावरचा जुन्या मालाचा बाजार भरतो तो त्याच दिवशी, उजाडायच्या आत. दुकानंच बघायची असतील तर दुसरा वार धरा. मला हवी होती गोल्ड स्पॉट या जुन्या संत्र्याच्या शीतपेयाची एनॅमलची, म्हणजे पत्र्यावर रंग भाजलेली, पाटी. आमच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनला होती तसली.

पाटी लगेच मिळाली, तिथेच पाल चुकचुकली. विक्रेता म्हणे, "साठ साल का माल है, साहब." विजेरी तिरकी मारली. खिळ्याच्या भोकांपासून गंजाचे ओघळ निघालेले, पण त्यातले दोन वर चढलेले! भिंतीवरच्या पाटीचा गंज पावसाबरोबर खालीच उतरणार ना? मग अक्षरांच्या कडेवरून नख फिरवलं. जुन्या एनॅमलमध्ये एकेक रंग वेगळा चढवून भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे रंग बदलतो तिथे नखाला बारीक पायरी लागते. इथे सगळं गुळगुळीत, म्हणजे छापील. गेल्या वर्षी असलीच एक मी साडेतीन हजारांना घेतली होती. ती माळ्यावर आहे. घरी अजून अस्सल म्हणूनच सांगितलंय.

साल ओळखायचं तर पाटीवरचा पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टपासून आला, त्यामुळे पिनकोडवाली पाटी 'साठ सालची' असूच शकत नाही. थम्स अप १९७७ चं, कोकाकोला देश सोडून गेली त्या वर्षीचं. कोकाकोला परतली १९९३ ला, तेव्हा पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळंच घेतलं. १९८५ ची देशी कोकाकोला पाटी कुणी दाखवली, तर हसून पुढे व्हा.

खरा माल बाटल्यांत आहे, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. गोणपाटावर ड्यूक्स या जुन्या सोडा कंपनीची एक बाटली सापडली. पोटाला पांढरट, खरखरीत पट्टा. वर्षानुवर्षं क्रेटमध्ये शेजारच्या बाटल्यांवर घासून पडलेला. कोरी करकरीत बाटली असेल तर मीच दोनदा विचार करीन. चारशे सांगितले, अडीचशेला दिली. शेजारी गोटी सोड्याची बाटली होती, पण मानेतली रबरी कडी गायब. सोडली.

सुट्टे पैसे न्या, फोन आतल्या खिशात ठेवा. बाटली घरी धुवायची तर कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ घालून हलवा, ॲसिड नको. आणि नऊच्या आत निघा. मी लाकडी क्रेटच्या मोहात साडेनऊ केले, मग ते डोक्यावर घेऊन लोकलच्या दारात उभा. नऊवारीत गुंडाळलेली बाटली पोटाशी धरलेली. शेजारच्याने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"