तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीचा नाद नक्की कुणाचा

"वहिनी, दादांचा बोटीचा नाद अजून सुटला नाही का हो? तुम्ही कशा काय चालवून घेता?"

हा प्रश्न मला गणपतीत आरती झाल्या झाल्या विचारला गेलाय, दिवाळीच्या पॉटलकमध्ये मसालेभाताच्या रांगेत विचारला गेलाय, आणि परवा एका बारशाला तर पुण्याहून आठवड्यापूर्वी आलेल्या, मला जन्मात पहिल्यांदा भेटणाऱ्या एका आजींनी विचारला, म्हणजे बातमी समुद्रापार पोचलीय. अशा वेळी नवरा शेजारीच उभा असतो. तो हसतो, खांदे उडवतो आणि एक अक्षर बोलत नाही, कारण 'बोटवाला' म्हणून पुरुषमंडळींत जरा भाव मिळतो तो कशाला घालवा.

तर एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देणार.

बोट माझी आहे, शिडाची. जाहिरात मी शोधली, १,८०० डॉलर माझ्या खात्यातून गेले, मिशिगनमध्ये २० फुटांच्या वरच्या बोटीला गाडीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा कागद लागतो आणि आमची साडेएकवीस फूट, तर त्या टायटलवर नावही माझं आहे. तुम्हाला गॅरेजमध्ये दिसतो तो ग्राइंडर माझा. तुमच्या दादांचं ग्राइंडरच्या आवाजाने डोकं दुखतं. चालवून कोणी घेत असेल तर तो घेतोय, आणि त्याला "तुम्ही कसं काय चालवून घेता" असं आजवर एका माणसाने विचारलेलं नाही.

आता म्हणाल, एवढं चिडायचं काय, सांगून टाकायचं ना. सांगितलंय हो. सांगितलं की लोक "वा, म्हणजे दोघांनाही आवड आहे तर!" म्हणतात आणि पुढचा प्रश्न परत त्याला विचारतात. मग मी भाताकडे वळते.

दुसरा प्रश्न ठरलेला, एवढी मरमर करण्यापेक्षा नवीच का नाही घेतली. यावर मी पूर्वी एक उत्तर फार ठसक्यात द्यायचे, की जुनी स्वस्त पडते. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलंय, आणि एक-दोघांनी माझं ऐकून जुन्या बोटींच्या जाहिराती बघायला सुरुवात केली म्हणून हे सांगणं भाग आहे: पडत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ही कॅटलिना २२, फ्रँक बटलर नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात १९६९ च्या सुमारास काढलेलं मॉडेल, आजवर १५ हजारांच्या वर बनलेत, आमची १९७६ ची. फायबरग्लासचा सांगाडा काही केल्या सडत नाही, त्यामुळे बोटी उरल्यात ढीगभर आणि ज्यांनी हौसेने घेतल्या ती पिढी म्हातारी झाली, मुलांना त्या नकोत, भंगारवाला फुकट नेत नाही, उलट तोडून टाकायचे पैसे तुम्हीच द्यायचे. म्हणून मिळते स्वस्तात. खरं तर किंमत ट्रेलरची असते, बोट त्याच्यावर ठेवलेली असते एवढंच.

आणि आमच्या इथल्या सरोवराला हीच बरोबर आहे, हे मात्र मी आजही ठासून सांगेन. लेक सेंट क्लेअर पसरलाय अफाट पण सरासरी खोली अकरा-एक फूट, म्हणून वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, पोटातलं ढवळून निघतं. या बोटीचा कील, म्हणजे खाली असतं ते वजनाचं पातं, साडेपाचशे पौंडांचं बिडाचं आहे आणि विंचने, म्हणजे हाताने फिरवायच्या रहाटाने, वर उचलता येतं. खाली सोडलं तर पाच फूट पाणी लागतं, वर घेतलं तर दोन फुटांत बोट तरंगते. उथळ पाण्यात आणखी काय हवं? तर ही निवड मी आंधळेपणाने केली नव्हती एवढंच म्हणायचंय. नवऱ्याच्या चुलतभावाने "वहिनी भावनेच्या भरात घेऊन बसली" असं म्हटलेलं माझ्या कानावर आलंय.

डेकचंही तेच. डेक, म्हणजे आपण चालतो तो बोटीचा वरचा भाग, मऊ आहे हे मला घ्यायच्या आधी माहीत होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत फिरायचं, चांगल्या जागी टक् टक् असा कोरडा आवाज येतो आणि ओल्या जागी धप्प. डाव्या बाजूला दोन-अडीच फुटांचा पट्टा धप्प वाजत होता, पेन्सिलने मी तिथेच मालकासमोर खुणा केल्या आणि त्या जोरावर भाव पाडला. तोही बिचारा काही बोलला नाही, त्याला ड्राइव्हवे मोकळा हवा होता.

या बोटींचा डेक सँडविचसारखा असतो, वर फायबरग्लासचा पातळ थर, खाली आणखी एक, मध्ये प्लायवूडचे चौकोनी तुकडे. डेकवर कड्या, रेलिंगचे पाय, दोर अडकवायच्या क्लीट असं जे जे बोल्टने बसवलेलं असतं त्या प्रत्येकाखाली एक भोक, आणि त्या भोकातलं पाणी अडवणारं सीलंट वाळून चिरलं की पाणी आत, प्लायवूडमध्ये. आमच्याकडे हिवाळ्यात ते आत गोठतं, फुगतं, वरचा थर खालच्यापासून सोडवतं, उन्हाळ्यात वितळून आणखी पुढे सरकतं. चाळीसहून जास्त हिवाळे. बाहेरून बघाल तर पांढरा शुभ्र डेक.

तो दिवस जूनमधला शनिवार होता, मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडलेलं, यार्डात, म्हणजे बोटी ठेवायच्या भाड्याच्या जागेत, आम्ही दोघंच आणि दोन बोटी सोडून एक म्हातारा, जो आपल्या बोटीचं बूड रंगवत रेडिओवर बेसबॉल ऐकत होता. सर्क्युलर सॉचं पातं मी जेमतेम वरचा थर कापेल एवढंच बाहेर ठेवलं होतं. पहिला काप घेताना हात थरथरत होता हे खरं, कारण तोपर्यंत बोट खराब का होईना पण अखंड होती, आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूत करवत घालायची म्हणजे, नवऱ्याच्या शब्दांत, "परत विकायचा रस्ता बंद". चारी बाजू कापल्या, पटाशी घालून उचकटलं, थर चर्र करत उघडला. आत प्लायवूड नव्हतंच. काळा, ओला चहाचा चोथा. हाताने ओंजळीने निघत होता. वास असा की नवरा दोन पावलं मागे गेला. चौकोनांच्या मधल्या फटींतून पाणी वाहून आलं आणि माझ्या गुडघ्यांखाली साचलं.

बरं, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. असं काम करताना ओलं संपून कोरडं लाकूड लागेपर्यंत उघडत जायचं असतं. मी पेन्सिलच्या रेघेपर्यंत गेले, ओलं. आणखी फूटभर, ओलं. जिथे ठोकल्यावर चांगला टक् टक् आवाज आला होता तिथेही लाकूड अजून सडलं नव्हतं पण पिळलं तर पाणी निघेल इतकं भिजलेलं. दुपारी तीनपर्यंत डाव्या बाजूचा अर्ध्याहून जास्त डेक उघडा पडला होता आणि मी मास्टच्या, म्हणजे शिडाच्या डोलकाठीच्या, बुडाशी पोचले होते. या बोटीत मास्ट डेकवरच उभा राहतो, त्याचा सगळा भार तेवढ्या तळहाताएवढ्या जागेवर आणि तिथून केबिनमधल्या खांबावर उतरतो. त्या जागेखाली मी स्क्रूड्रायव्हर घातला. तो मुठीपर्यंत आत गेला.

नवरा शांतपणे म्हणाला, "बास कर आता."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मी भांडले असते आणि सोपं गेलं असतं. त्याने मोबाईलवर हिशोब मांडला होता, इपॉक्सी नावाचा दोन भाग मिसळून वाळणारा गोंद, कापड, प्लायवूड, यार्डाचं महिन्याचं भाडं, आणि त्यात एक आकडा होता बोट तोडून कचऱ्यात टाकायचा, तो सगळ्यात लहान होता. म्हणाला, "अठराशे गेले असं समजू. ट्रेलर विकू. पुढच्या वर्षी चांगल्या अवस्थेतली घेऊ, तुझ्याच पसंतीची." काय चूक होतं त्यात? मी आजही शोधते आणि सापडत नाही. मी म्हटलं, "तू जा, मुलीला आणायची वेळ झाली." आणि पटाशी घेऊन परत खाली बसले. तो गेला. जाताना पाण्याची बाटली शिडीपाशी ठेवून गेला, आणि मला त्या बाटलीचा इतका संताप आला की मी संध्याकाळपर्यंत पाणी प्यायले नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

रेडिओवाला म्हातारा मधेच येऊन बघून गेला, मान हलवली, म्हणाला यापेक्षा वाईट बघितलंय. खोटं बोलत असावा.

त्यानंतर बरेच आठवडे मी एकटीच जायचे. तुमच्यातल्या काहींनी तेव्हा "हल्ली दोघं एकत्र दिसत नाहीत" अशीही चर्चा केलीत, मला कळलंय. तो रुसला नव्हता, त्याला जे पटलं नव्हतं त्यात त्याने शनिवार घालवायला नकार दिला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. उघडं डेक ताडपत्रीखाली पंखा लावून वाळवलं, कडा घासून उतरत्या केल्या, नवीन मरीन प्लाय कापला. मग इपॉक्सी. पाच भाग रेझिन, एक भाग हार्डनर, आणि फास्ट हार्डनर घेतला तर हातात दहा-बारा मिनिटं. त्याहून जास्त वेळ डब्यात राहिलं की ते तापतं, धूर काढतं, दगड होतं. एका माणसाने मिसळायचं आणि एकाने पसरायचं असं ते काम आहे, एकटीला होत नाही. तेव्हा मी त्याला बोलावलं. विनवणी वगैरे काही नाही, मी म्हटलं दोन हात हवेत, तो म्हणाला किती वाजता. बोल्ट परत बसवतानाही तेच, वर डेकवर एकाने स्क्रूड्रायव्हर धरायचा, खाली केबिनमध्ये दुसऱ्याने डोक्यावर हात करून नट पकडायचा आणि मधल्या डेकमधून "फिरतोय का? अगं फिरतोय का?" असं ओरडायचं. या वेळी प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरलं आणि मग त्या इपॉक्सीत नवीन भोक, म्हणजे उद्या सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही.

हे सगळं का केलं, याचं उत्तर मला नीट देता येत नाही आणि तुम्हाला तेच हवं असतं. कोल्हापूरला उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं. भाऊ शाळेतून थेट तिकडे जायचा, मला डबा पोचवायला परवानगी होती. डबा ठेवून मी जितका वेळ रेंगाळता येईल तितका रेंगाळायचे. आता हे वाचून तुम्ही म्हणाल, अच्छा, म्हणून! तर नाही, इतकं सरळ नाहीये, कारण मी पुढे इंजिनिअर झाले, मशीनवर काम केलं, ती हौस कधीच फिटली होती. आणि जूनमधल्या त्या दुपारी माझ्या डोक्यात बाबा नव्हते, उद्यमनगर नव्हतं. नवऱ्याला खोटं पाडायचं होतं का? थोडं असेल. पण एवढ्यावर माणूस अख्खा उन्हाळा घासत बसत नाही.

आणखी एक सांगते, यावर तुम्ही हसाल. मला सेलिंग फारसं आवडत नाही. बोट पाण्यात गेली, मास्ट उभा राहिला, डेक तसूभर हलला नाही, आणि मी पूर्ण वेळ बोट किती कलतेय, कुठे पाणी शिरतंय का, हेच बघत होते. वेग आला की कीलची वायर गुणगुणायला लागते, या मॉडेलची ती खोडच आहे, सगळ्यांची वाजते, पण मला तो आवाज ऐकून पोटात गोळा येतो. नवऱ्याला आवडतो. तो आता सुंदर चालवतो बोट, वाऱ्याचा पट्टा लांबून ओळखतो, मुलीलाही शिकवलंय त्याने. म्हणजे ज्याने 'बास कर' म्हटलं त्याला बोट लागली आणि जिने हट्ट केला ती धक्क्यावर उभी राहून गंजलेल्या पिना शोधते. त्यामुळे 'दादांचा नाद' हे आता अगदीच खोटं राहिलेलं नाही, हेही मला कबूल करावं लागतंय, आणि त्याचा मला थोडा राग आहे.

सध्याचा वाद असा, की कील ज्या पिनवर झुलतो ती काढून बघायची वेळ आलीय असं माझं म्हणणं. भोक झिजून लांबट झालं असेल तर साडेपाचशे पौंड आत ठकठक हापटत राहणार. त्यासाठी कील पूर्ण उतरवावा लागतो, म्हणजे सीझनचा पहिला महिना गेला. तो म्हणतो, गेल्या वर्षी काही झालं नाही, ऑक्टोबरात बघू, मे महिन्याचा वारा वाया घालवू नकोस. मी म्हणते टायटल कुणाच्या नावावर आहे. तो म्हणतो चालवतो कोण. अजून ठरलेलं नाही.

तर पुढच्या वेळी विचारायचंच असेल तर "पिन काढली का" असं विचारा, आणि मला विचारा.