तांब्याच्या तारेतला जीएलपी-१ रिसेप्टर: हार्मोन आत गेला, सहावं वेटोळं बाकी

गेल्या नोंदीच्या वेळी सातांपैकी तीनच वेटोळी उभी होती. आता सातही उभी आहेत, वरचं डोकं बसलंय आणि काल रात्री हार्मोन पहिल्यांदा आपल्या जागी गेला. मधे एकदा सगळं उपटून परत लावावं लागलं, ते पुढे सांगतोच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी स्वादुपिंडाच्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर असणारा जीएलपी-१ रिसेप्टर, म्हणजे जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनचा निरोप घेणारं प्रथिन, त्या हार्मोनसकट तारेत उभा करतोय. त्याची साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाते, तीच ही सात वेटोळी. हार्मोनसकट अख्खा रिसेप्टर पहिल्यांदा दिसला २०१७ मध्ये, क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सोडून), ४.१ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि तोही सशाचा. मी वापरतोय ती प्रथिनांच्या रचनांच्या जाहीर संग्रहातली २०२० ची ६एक्स१८ ही फाइल: माणसाचा रिसेप्टर, २.१ अँगस्ट्रॉम. प्रमाण १ अँगस्ट्रॉमला ४ मिलिमीटर. अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांच्या) बाजूच्या साखळ्या नाहीत, फक्त कणा.

तार १४ गेजची, उघडी तांब्याची, बोहरी आळीतून आणलेली. दुकानदाराने "अर्थिंगला का काका?" म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. खरं सांगत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे या वेटोळ्यांच्या आकारात, एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं येतात आणि वेढा ५.४ अँगस्ट्रॉम वर चढतो, म्हणजे माझ्या मापात २१.६ मिलिमीटर. व्यास साधारण १८.४ यायला हवा. त्यासाठी गोल दांडा शोधत होतो, तर भावाच्या शेतावर ठिबकची १६ मिलिमीटरची नळी मिळाली. तीत वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद केली, मार्करने दर २१.६ वर खुणा केल्या. तार गॅसवर लाल करून पाण्यात बुडवली की लोण्यासारखी वळते. वळवून सोडली की जराशी उसळते, आणि त्या उसळीत व्यास नेमका हवा तेवढा होतो. वेढे साध्या स्क्रूच्या आट्यांसारखे जायला हवेत. शंका आली तर स्क्रू शेजारी धरून बघा, मी दर वेळी बघतो.

एवढी काळजी घेऊनही घोळ झालाच, आणि तो वेटोळ्यांत नव्हता, पाटात होता. प्लायवूडवर भोकं कुठे पाडायची याचा कागद मी पेशीच्या आतल्या बाजूने पाहिलेल्या चित्रावरून काढला आणि चिकटवला वरच्या अंगाला. बाहेरून बघितलं तर पहिल्यापासून सातवं वेटोळं घड्याळाच्या उलट दिशेने जायला हवं. माझं सुलट जात होतं. एकेक वेटोळं बरोबर, सगळी मिळून मात्र आरशातली! चार दिवस मला पत्ता नाही. हार्मोनचं ९ क्रमांकाचं अमिनो आम्ल, ग्लुटामेट, दुसऱ्या वेटोळ्यातल्या १९० क्रमांकाच्या आर्जिनिनकडे तोंड करून बसायला हवं, ते काही केल्या जमेना, म्हणून मी हार्मोनच पिळत बसलो होतो. शेवटी लेक फोनवर तीच रचना फिरवत म्हणाली, "बाबा, तुमचं उलटं फिरतंय." भोकं आरपार आणि सरळ होती, एवढं नशीब. पाट पालथा केला, वेटोळी दुसऱ्या बाजूने घातली. कल पायाशी वाकवून दिलेला असल्यामुळे तो नव्याने द्यावा लागला, त्यात अख्खा रविवार गेला.

हार्मोनची तारही एकदा वाया गेली. त्याची मोजणी ७ पासून ३६ पर्यंत असते, कारण मूळ लांब तुकड्यातली पहिली सहा गळालेली असतात. मी ३६ धरून ६२ सेंटिमीटर कापली. अमिनो आम्लं ३०, म्हणजे ५१ पुरली असती.

पहिल्या दोन जागांवर, हिस्टिडिन ७ आणि अॅलानिन ८ वर, लाल मणी ओवलेत. डीपीपी-४ हे विकर याच दोघांच्या मागे कात्री चालवतं, त्यामुळे शरीरातला हार्मोन जेमतेम दोन मिनिटं टिकतो. सेमाग्लुटाइड या औषधात आठवी जागा बदलून ती कात्री बोथट केलीय आणि २६ व्या लायसिनला लांब चरबीची शेपटी जोडलीय. तिथे पिवळा मणी आहे, पण तो नुसता खुणेपुरता.

डोक्याचा भाग, म्हणजे पेशीबाहेरचा तुकडा, छोटा आहे पण चिवट. त्यात सिस्टिन या अमिनो आम्लाच्या, एकमेकांना बांधलेल्या तीन जोड्या आहेत: ४६-७१, ६२-१०४, ८५-१२६. त्या पितळी तारेच्या तुकड्यांनी सोल्डर केल्या. दुसरा टाका देताना पहिला सुटला. मग ओलं फडकं गुंडाळून काम केलं.

खरी गंमत हार्मोन आत घालताना कळली. तयार रिसेप्टरमध्ये तो वरून सरळ ढकलायला गेलो तर डोकं आडवं येतं, बाहेरची वळणं तारेत अडकतात. मग डोकं आणि पहिलं वेटोळं यांना जोडणारा देठ कापून तिथे बारीक, मऊ तार लावली, म्हणजे डोकं डुलेल. आधी हार्मोनचं मागचं टोक डोक्यात अडकवलं. फेनिलअॅलानिन २८, आयसोल्युसिन २९ आणि ल्युसिन ३२ एकाच अंगाला येतात, तीच बाजू तिथे टेकते. मग दोघांना मिळून खाली वाकवलं आणि लाल मण्यांचं नाक सात वेटोळ्यांच्या मधल्या खड्ड्यात अलगद उतरलं. पुस्तकात 'दोन टप्प्यांत जोडणी' म्हणून वाचलं होतं, तेव्हा ते एक वाक्य होतं. बोटांना मात्र ते पहिल्याच झटक्यात पटलं.

पेशीच्या आतल्या शेपटाचं शेवट फाइलमध्येच नाही. ते हलत असतं, म्हणून दिसत नाही. मीही सोडून दिलंय, उगाच अंदाजाने वळवत बसणार नाही.

राहिलं सहावं वेटोळं. सध्या ते सरळ उभं आहे, म्हणजे हार्मोन बसलेला आणि रिसेप्टर अजून झोपलेला, असं विचित्र चित्र. प्रोलिन ३५८ ते ग्लायसिन ३६१ या चार जागांत त्याला मोठा बाक येतो, आतलं टोक बाहेर सरकतं आणि त्या जागेत पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाचं टोक शिरतं. तयार स्प्रिंगला मधेच असा बाक दिला की वेढे चपटे होतात. दोन तुकडे बाद झालेत. आता आत मेणबत्तीचं मेण ओतून वाकवून बघणार आहे. यापेक्षा बरी युक्ती कुणाकडे असेल तर शनिवारच्या आत सांगा. तार आठ फूटच उरलीय.