सहा वाजताची सायकल

जगाचा शेवट संध्याकाळी सहाला होणार होता आणि माझी ड्युटी आठपर्यंत होती. तारीख 21 मे 2011, वार शनिवार. अमेरिकेतले रेडिओवरचे उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी ती जाहीर केली होती. ज्या त्या ठिकाणच्या घड्याळात सहा वाजले की तिथे भूकंप होणार, विश्वासणारे वर स्वर्गात उचलले जाणार, मागे राहिलेल्यांचे पाच महिने हाल होणार आणि 21 ऑक्टोबरला सगळंच संपणार, असा त्यांचा हिशोब. देशोदेशी फलक लागले होते म्हणे. आमच्या विभागात ही बातमी आली ती एका घडी घातलेल्या झेरॉक्सवरून, माझ्या हाताखालच्या पोराच्या खिशातून.

मी इस्पितळाच्या सीएसएसडीत, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात, काम करते. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, वापरलेली हत्यारं एका खिडकीतून आमच्याकडे येतात, धुतली जातात, तपासली जातात, पॅक होऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या मशीनमध्ये, जातात आणि दुसऱ्या खिडकीतून परत निघतात. पेशंट आम्हाला दिसत नाही आणि पेशंटला आम्ही कधीच दिसत नाही. आज बांधलेला सेट कधी उघडला जाईल, कुणासाठी, दिवसा की मध्यरात्री, हे बांधणाऱ्याला माहीत नसतं. ज्या क्षणी उघडला जाईल त्या क्षणी तो बरोबर असायला हवा, एवढंच आमच्या हातात.

पोरगा हुशार होता. विशीतला, हाताला शिस्त असलेला. आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायचा, पण गेले काही महिने एका वेगळ्या गटाच्या प्रार्थनासभांना जात होता. त्या झेरॉक्सवरचं गणित त्याने मला कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं होतं. प्रभू येशू इसवी सन 33 च्या 1 एप्रिलला क्रुसावर गेला असं धरायचं. तिथून 21 मे 2011 पर्यंत 7,22,500 दिवस होतात. 5 म्हणजे प्रायश्चित्त, 10 म्हणजे पूर्णता, 17 म्हणजे स्वर्ग. तिन्हींचा गुणाकार 850, आणि 850 चा वर्ग बरोबर 7,22,500. गुणाकार कुठे चुकत नव्हता. फक्त 17 म्हणजे स्वर्ग हे लिहिलंय कुठे, एवढं मी विचारलं. तर म्हणे, "ताई, तुम्ही प्रश्न फार विचारता."

त्या दिवशी दुपारी दोनला मी आले तेव्हा सकाळच्या ऑपरेशनांचे ट्रे सिंकपाशी साचलेले आणि हा स्टुलावर बसलेला. ॲप्रन घातला होता, हातमोजे नव्हते. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?"

"बरं आहे. पण ताई, आता कुणासाठी पॅक करायचं?"

उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच विचारायचं होतं. आणि खरं सांगायचं तर प्रश्न वाईटही नव्हता. चार तासांनी सगळं संपणार असेल तर आतडं धरायच्या चिमट्याचे दात घासत बसण्यात काय अर्थ?

मला लगेच उपदेश करता येत नाही. मी हातमोजे चढवले, फेस शील्ड लावली आणि पहिला ट्रे पाण्यात सोडला. हत्यारं घासायची ती पाण्याखाली धरून, नाहीतर ब्रशचे शिंतोडे उडतात. आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, उघडून घासायचा, बंद ठेवून नाही. रक्त अडकतं ते सांध्यात, जिथे दोन पाती एकमेकांतून जातात. वरून चकचकीत दिसणारा फोर्सेप्स भिंगाच्या दिव्याखाली धरला की त्या सांध्यात तपकिरी रेघ दिसते. ती राहिली तर पुढची वाफ फुकट, कारण सुकलेल्या रक्ताच्या आडोशाने जंतू तगतात. जे धुतलं नाही ते निर्जंतुक होत नाही, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात घोकून घेतात.

थोड्या वेळाने तो आपणहून उठून शेजारी आला आणि घासायला लागला. रिकामं बसवलं नसणार. मग मी बोलले.

मी त्याला विचारलं, मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात घरधनी परदेशी जाताना काय करून जातो? त्याला पाठ होतं. दासांना अधिकार देतो, ज्याला त्याला त्याचं काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगतो. संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, ठाऊक नाही. "मग," मी म्हटलं, "धनी सहाच्या गाडीने येतोय असं त्या द्वारपाळाला कुणी कळवलं असतं, तर त्याने काय केलं असतं?"

पोरगा हसला. "पावणेसहापर्यंत झोपला असता."

मला एवढंच म्हणायचं होतं, तेव्हाही आणि आजही. तारीख कळली की जागं राहायचं कारणच उरत नाही. तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं प्रभू स्वतः सांगतो. हे वाक्य आपण अडचण म्हणून वाचतो आणि मग गुणाकार करून त्यातून वाट काढायला जातो. मला त्यात मोकळीक दिसते. घटका माहीत नाही म्हणून कुठलीच घटका वाया घालवायची नसते, आणि कुठल्याच घटकेला जीव मुठीत धरून बसायचंही नसतं.

वराची वाट बघत दिवे घेऊन थांबलेल्या दहा कुमारींचा दाखला त्याने काढला, मला वाटलंच होतं काढेल. पण त्या दाखल्यात झोप दहाही जणींना लागते. शहाण्या पाचजणीही झोपतात आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावत नाही. फरक होता तो झोपण्याआधी भरून घेतलेल्या तेलाचा. नाइट ड्युटी केलेल्या माणसाला हा दाखला दुसऱ्या कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहराच्या मंडळीतही असंच झालं होतं, इसवी सन 50 च्या आसपास. प्रभूचा दिवस आलाच म्हणून तिथली मंडळी अस्वस्थ, आणि त्याच मंडळीत काही लोक कामधंदा टाकून नको त्या उठाठेवी करत फिरत. प्रेषित पौलाने त्यांना मोठं भाष्य लिहून पाठवलं नाही. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये, निमूटपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा, असं रोखठोक लिहिलं. आणि लिहिणारा तंबू शिवून पोट भरणारा माणूस होता.

मग मी त्याला डेव्हनपोर्टची गोष्ट सांगितली, आमच्या जुन्या पाळकांनी उपदेशात सांगितलेली. 19 मे 1780 रोजी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात भर दुपारी अंधार पडला. पक्षी गप्प झाले, लोकांनी मेणबत्त्या लावल्या, न्यायाचा दिवस आला म्हणून देवळं भरली. पुढे कळलं की वणव्यांचा धूर आणि धुकं असं ते मिश्रण होतं. पण त्या दुपारी ते कुणाला माहीत? कनेक्टिकटची विधिमंडळाची बैठक चालू होती, ती तहकूब करावी असं निघालं. अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सभासद म्हणाले, न्यायाचा दिवस आला असेल किंवा नसेल. नसेल तर उठायचं कारण नाही. असेल तर मी माझं कर्तव्य करताना सापडलेलं मला चालेल. मेणबत्त्या आणा.

"मग?" पोरगा म्हणाला.

"मग काय, आणल्या मेणबत्त्या. तू ते कात्रीचं पातं नीट पुस."

त्याचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. न्यूझीलंडमध्ये सहा केव्हाच वाजून गेले होते. "तिथलं काही कळलं का हो?" असं त्याने मध्येच, दुसरीकडे बघत विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. विजयी चेहऱ्याने फोन चाळत बसायची मला इच्छा नव्हती.

पाचच्या सुमाराला लोड लावला. त्यात एक लॅपरॉटॉमी सेट, म्हणजे पोट उघडायच्या ऑपरेशनची हत्यारं, होता. 134 अंशांवर साडेतीन मिनिटं, एवढंच खरं जंतू मारायचं काम. पण आधी आतली हवा ओढून घेणं, नंतर वाळवणं धरून मशीनची एक फेरी, आमच्या भाषेत सायकल, तासाच्या घरात जाते. दार मध्ये उघडता येत नाही.

आणि साडेपाचनंतर ओटीचा फोन आला. सकाळी ऑपरेशन झालेल्या एका बाईला आतून रक्तस्राव होतोय, पोट परत उघडायचंय, लॅपरॉटॉमी सेट पाठवा. एक सेट दुसऱ्या टेबलवर वापरात होता, एक ऑटोक्लेव्हमध्ये. मी सांगितलं, सहा वाजून पाच मिनिटांनी दार उघडेल. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "तोपर्यंत भूल देऊन होईल, पण त्याच्यावर एक मिनिट नको."

मशीनच्या पॅनेलवर घड्याळ असतं. सहा वाजले तेव्हा सायकल वाळवण्याच्या टप्प्यात होती आणि पोरगा दाराशी, जाड हातमोजे घालून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. काही जागा अशा असतात जिथे दुसऱ्याने बघू नये. पंप घरघरत होता. सहा वाजून एक मिनिट झालं, दोन झाली.

दार उघडलं. वाफ लागली की रंग बदलणाऱ्या टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या, म्हणजे बाहेरून सगळं ठीक. ट्रे गरम होता. तो त्याने जाळीवरच राहू दिला आणि खाली वाकून बुडाशी बघितलं. तिथे कापडावर तळहाताएवढा ओला डाग होता आणि कोपऱ्यात थेंब धरला होता.

"ताई, ओलं आहे."

ओला पॅक म्हणजे नापास पॅक. कापडात ओल राहिली की बाहेरचे जंतू त्या ओलीच्या वाटेने आत जातात. उचलणाऱ्याच्या हातावरचे, ट्रॉलीवरचे, कुठलेही. कारण कधी वाफेत पाणी जास्त, कधी ट्रे जड, ते नंतर शोधायचं. पण वर बाई टेबलावर, फोन परत वाजतोय, आणि तो डाग बुडाशी. सेट वर गेला असता तर घाईत कुणी उलटा करून बघितला असता की नाही, सांगता येत नाही. मी सीनियर, निर्णय माझा होता, पण मी तोंड उघडायच्या आत त्याने ट्रे बाजूच्या रॅकवर सरकवला आणि त्यावर लाल खूण लावली.

फोन मी घेतला. सिस्टर चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. तोवर हा स्टोअरच्या रॅककडे पोहोचला होता. "जनरल सेट आहे, गेल्या आठवड्यातला," तिथूनच ओरडला, "लांब आर्टरी सुट्या पॅकमध्ये आहेत, डीप रिट्रॅक्टर पण." कुठल्या फळीवर काय, हे त्याला शोधावं लागलं नाही; त्यातले बरेच पॅक त्यानेच बांधले होते. मी सिस्टरना एकेक नाव वाचून दाखवलं. त्या दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल, पाठव." प्रत्येक पॅकचं कापड, टेप आणि लेबल बघून त्याने झाकलेल्या ट्रॉलीवर ठेवले आणि लिफ्टकडे निघाला. पळाला नाही. आमच्याकडे पळायचं नसतं, भराभर चालायचं असतं.

तो परत आला तेव्हा साडेसहा व्हायला आले होते. काही न बोलता त्याने तो ओला सेट सोडला, कापडं धुण्यात टाकली, हत्यारं परत मोजली, भिंगाखाली धरली, आत नवी इंडिकेटर पट्टी ठेवली, कोरडी कापडं घेऊन पुन्हा बांधला. कोपऱ्यांच्या घड्या अगदी पुस्तकात असतात तशा.

त्या बाईचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. सहसा कळत नाही. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं.

कॅम्पिंग यांचं पुढचं सगळ्यांना कळलं. मे महिन्यातला न्याय आत्मिक होता, आता ऑक्टोबरला शेवट, असं त्यांनी आधी सांगितलं. ऑक्टोबरही गेला. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराच्या बचतीतले 1,40,000 डॉलर या तारखेच्या जाहिरातींत घातले होते, ते गेले ते गेलेच. मार्च 2012 मध्ये कॅम्पिंग यांनी पत्र काढून आपलं भाकीत चुकीचं आणि पापमय होतं असं मान्य केलं. तेव्हा ते नव्वदीचे होते. त्यांच्यावर हसणारे पुष्कळ भेटतात, पण मला त्यांच्यावर हसणं जमत नाही. प्रभू खरंच येणार आहे हे त्या माणसाने मनावर घेतलं होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते मनावरून कधीच उतरवलंय, आणि 'जागृत राहा' हा उपदेश आम्ही डुलक्या घेत ऐकतो. तारीख सांगणारा आणि तारखेचा विचारच सोडून दिलेला, दोघेही द्वारपाळाची जागा सोडूनच गेलेले असतात.

पोराशी मी त्या विषयावर नंतर बोलले नाही. तो बोलला, पण खूप उशिरा, आणि ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे.

त्या संध्याकाळी आठला नाइटवाले आले. मी रजिस्टरमध्ये ओल्या पॅकची नोंद केली, लोड नंबर लिहिला, मशीन बघायला माणूस बोलवायचा शेरा मारला. पोरगा भिंतीवरच्या ड्युटीच्या तक्त्यापुढे उभा होता. रविवारपासून पुढे त्याच्या नावासमोरची घरं कोरी होती. महिन्याच्या सुरुवातीला त्यानेच ती भरायची नाहीत असं सांगितलं होतं, आणि इन्चार्ज सिस्टरनी वैतागून तशीच सोडली होती.

"ताई, उद्या मी कुठल्या ड्युटीला येऊ?"

"सकाळच्या. सातला ये. पहिली सायकल रिकामी लावून, हवा नीट निघते का ते बघायला बोवी-डिक टेस्ट करायची आहे, आणि मशीनवाला आला तर त्याला तो डाग कुठे होता ते तूच दाखव."