वाळलेल्या बाभळीनं चेनची जिरवली

अवकाळीत निफाडच्या शेतात बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली, काही महिने तशीच पडून वाळली आणि मग मला ती स्वतः कापायची हौस आली. ५८ सीसीचं चेनसॉ मशीन, १८ इंची बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, आणि नाशिकहून आणलेली नवीकोरी चेन, दुकानदार म्हणाला होता न्या बिनधास्त, लोण्यासारखी कापते. पहिली दहा मिनिटं खरंच कापली, मग ढलप्या पडायच्या बंद झाल्या आणि नुसतं पीठ उडायला लागलं, मशीन दाबावं लागतंय, बारपाशी धूर. शेजारचे काका बांधावर बसून बघत होते, म्हणे, "कापतोयस का दळतोयस रे?"

घरी चेन उन्हात धरली तर प्रत्येक दाताचा कोपरा चमकत होता. धारेची कड कधी चमकत नाही, चमकली की समजायचं बोथट झाली. ही निघाली फुल चिझल, म्हणजे चौकोनी कोपऱ्याचा दात. मऊ, स्वच्छ लाकडात ती सुसाट चालते, पण वाळलेल्या कडक लाकडात तो कोपराच आधी जातो, त्यात आमच्या बाभळीच्या सालीच्या भेगांत अख्ख्या शेताची माती. इथे सेमी चिझलच घ्यायची, कोपरा गोलसर, जरा हळू कापते पण धार टिकते.

दुसऱ्यांदा जाताना जुनी चेन पिशवीत घालूनच नेली, कारण नुसतं "१८ इंची द्या" म्हणून भागत नाही, पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी आणि ड्राइव्ह लिंक म्हणजे त्या कड्यांची संख्या, तिन्ही जुळायला लागतात. माझी .३२५ इंच, .०५८ इंच आणि ७२. बारवर कोरलेलं असतं, माझ्या बारवरचं घासून गेलंय. पिच मोजायचा तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्यायचं आणि त्याचं निम्मं करायचं.

धारेला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशात, पुढे जातानाच घासायची, परत आणताना उचलून. दातापुढचा तो बुटका उंचवटा दातापेक्षा .०२५ इंच खाली पुरे. बरेच जण मशीन जास्त खाईल म्हणून तो घासत सुटतात आणि मग कडक लाकडात असे झटके बसतात की विचारू नका.

आता कापायच्या जागेवरची साल मी आधी कोयत्यानं सोलून काढतो. परवा खोडाचे नऊ तुकडे पाडले, मध्ये दोनदा कानस मारली. काकांनी सगळ्यात जाड तुकडा बाजूला ठेवायला लावलाय, औताला होईल म्हणतात. औताला बैल कुठेत, ते मी विचारलं नाही.