दोनच चिप्स खाऊन थांबता कसं येतं तुम्हाला?

वजन उतरायला लागल्यापासून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला थांबता येत नाही. आजही नाही. पाकीट फुटलं की संपलं, मग ते लहान असो की मोठं, आणि शेवटची मूठ तर चवीसाठी पण नसते, एवढंसं काय ठेवायचं म्हणून खाल्लेली असते.

गंमत म्हणजे चॉकलेटचं मला काहीच होत नाही. दोन तुकडे खाल्ले की उरलेलं फ्रीजमध्ये पडून असतं, पंधरा दिवस आठवणही येत नाही. पण सगळे सांगत होते आधी गोड बंद कर, म्हणून मी तीन महिने गोड बंद केलं आणि चिप्स खात बसले, वजन जिथल्या तिथे. ज्याचा त्याचा ट्रिगर वेगळा असतो हे मला जरा उशिराच कळलं.

मग एक केलं, काय खाल्लं ते न लिहिता हाताबाहेर कधी गेलं एवढंच लिहायला लागले. जवळजवळ सगळ्या नोंदी रात्री दहानंतरच्या, त्यातही झोप कमी झालेल्या दिवसांच्या, आणि समोर स्क्रीन. भूक त्यात फार कमी वेळा होती.

स्वतःला खूप शिव्या घातल्यात मी यावरून. नंतर केव्हिन हॉल या संशोधकांच्या 2019 च्या प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत 20 जणांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड (म्हणजे कारखान्यात बनलेलं, चिप्ससारखं तयार) खाणं दिलं, दोन आठवडे साधं, ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, फॅट, मीठ सारखं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. अल्ट्रा-प्रोसेस्डच्या दिवसांत माणसं रोज साधारण 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं जवळपास 0.9 किलो वजन वाढलं. म्हणजे मी एकटीच हावरट नाहीये तर!

अजून एक हिशोब मला फार कामाला आला. 150 ग्रॅमचं पाकीट म्हणजे साधारण 800 कॅलरी, सगळ्याची चरबी झाली असं धरलं तरी शंभरेक ग्रॅम. बस. माझं वाटोळं त्या पाकिटानं कधी केलंच नव्हतं, "आता डाएट मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू" म्हणत जे चार दिवस खायचे ना, त्यांनी केलं. आता पाकीट संपलं तर संपलं, पुढचं जेवण नेहमीसारखंच, उपाशी राहून शिक्षा नाही, कारण त्या उपाशीपणातून रात्री परत तेच. (लपूनछपून खाणं, खाल्लेलं उलटून काढणं असं काही होत असेल तर मात्र असल्या युक्त्यांवर राहू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.)

चॉकलेट घरात असतं, चिप्स आणत नाही. नवऱ्याला लागतात, तो त्याची पाकिटं गाडीत ठेवतो. किल्ली कुठे असते मला माहितीये, पण रात्री दहाला कपडे बदलून खाली जायचा मला जाम कंटाळा येतो.